साहेबांनी मागितलेलं उदाहरण

तपासणी आली की शिक्षिकांनी वर्ग सोडून साहेबांसाठी पुरणपोळ्या लाटायच्या, असा त्या शाळेचा रिवाज. कुंदा शेवाळे बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तुडुंब जेवलेले घाटपांडे साहेब त्यांच्या वर्गात आले आणि खुर्चीत बसल्या बसल्या घोरू लागले. बाईंनी इंग्रजी विशेषणं शिकवायला घेतली.

घंटेने दचकून उठलेले साहेब गरजले, “पोळ्या लाटण्यापलीकडे काही येतं का? इंग्रजीत काही विशेषणं क्रियापदानंतरच येतात. एक उदाहरण द्या, नाहीतर शेरा मारतो!”

बाईंनी फळ्याकडे बोट दाखवलं. तिथे लिहिलं होतं, ‘द इन्स्पेक्टर इज अस्लीप.’

“उदाहरण समोरच घोरत होतं, साहेब. अख्ख्या वर्गाने उतरवून घेतलंय. आता मारा शेरा!”