घाऱ्या डोळ्यांची पारख

एका राज्यात मूल पाच वर्षांचे झाले की आधी त्याचे डोळे पारखत आणि मगच त्याच्या हाती पाटी देत. आणि त्याच राज्याच्या राणीचा सात रात्री डोळ्याला डोळा लागला नव्हता.

राणीचे नाव चारुमती. माहेरी असताना तिने नदीकाठच्या गुरुकुलात सहा वर्षे तर्कशास्त्र घोकले होते. धूर दिसला म्हणून लगेच 'आग, आग' करू नये, आधी तो धूर आहे की धुके ते पाहावे, असे ती भल्याभल्या पंडितांना ऐकवी. पण लेक दोनदा शिंकली की हीच राणी आधी मीठमोहऱ्या ओवाळून टाकी आणि मग वैद्याला बोलावणे धाडी. "मी शिकले ते सगळे दुसऱ्यांच्या मुलांसाठी," असे ती स्वतःशीच म्हणे.

लेकीचे नाव केतकी. आठ दिवसांनी तिला पाच वर्षे पूर्ण होणार होती, आणि तिचे डोळे घारे होते.

राजवाड्यात एका पेटीत पाच मणी होते: काळा, तपकिरी, मधाळ, हिरवा आणि घारा. नेत्रपारखी एकेक मणी मुलाच्या डोळ्याशी धरी. रंग जुळला की मणी बोले. काळा म्हणे, "मन दगडाचे." तपकिरी म्हणे, "मन मातीचे." मधाळ म्हणे, "मन वाऱ्याचे." हिरवा म्हणे, "मन काट्याचे." आणि घारा म्हणे, "मन काचेचे. एक दिवस तडकेल." मग त्या मुलाला निवांतगडावर पोचवत. त्यात दुष्टावा कुणाचाच नसे. सोबत मऊ गादी देत, दुधाला गाय देत, आणि वेशीपर्यंत सगळे गाव रडत जाई. पण तडकण्याआधीच जपायचे अशी रीत असल्यामुळे गडावरून परत कुणी येत नसे.

लेक आपल्यापासून जाईल, ही राणीची काळजी होतीच. पण तिच्या पोटात आणखी एक काळजी होती, आणि ती कुणालाच सांगत नसे. गेले तीन महिने केतकी रोज दुपारी जिन्याखालच्या छोट्या खिडकीत जाऊन बसे. हसत नसे, बोलत नसे, हाक मारली तर ओ देत नसे. मणी खरे बोलत असेल तर?

राणीने त्यासाठी एक वही ठेवली होती. राजा धवलसेन जेवायला बसला की ती त्याला वाचून दाखवी.

"आज दोनदा हसली. आंघोळीच्या वेळी एक उसासा. भात टाकला, श्रीखंड टाकले नाही."

"श्रीखंड टाकले नाही ना? मग काही बिघडलेले नाही," राजा म्हणाला.

"तुमचे डोळे काळे. तुम्हाला काय समजणार?" राणी म्हणाली, आणि म्हणता म्हणताच तिने जीभ चावली. गुरुकुलातली सहा वर्षे त्या एका वाक्यात पाण्यात गेली.

उन्हे कलल्यावर ती मागच्या बागेत जाऊन रडली. तिथल्या कडुनिंबाच्या ढोलीत एक पिंगळा राहत असे. त्याने पिवळे डोळे उघडले.

"राणी, लेक जाईल म्हणून रडतेस, की मणी खरा ठरेल म्हणून?"

"दोन्हींसाठी."

"जास्त कशासाठी?"

राणीने डोळे पुसले.

"मणी घडवले अंधकेतू मांत्रिकाने," पिंगळा म्हणाला. "जे विचारायचे ते त्याला विचार. बस माझ्या पाठीवर."

पिंगळा वीतभर होता. राणी बसली तेव्हा तो हत्तीएवढा झाला. शालूचा पदर तेवढा फांदीला अडकला, तो तसाच सोडून दोघे सात डोंगर ओलांडून गेले.

अंधकेतू आपल्या गुहेच्या तोंडाशी बसून शेंगा सोलत होता. त्याचा एक डोळा काळा होता आणि एक घारा.

"ये, धवलसेनाच्या राणी," तो म्हणाला. "तुझा आजेसासराही असाच आला होता, पण घोड्यावरून. म्हणाला, प्रजेचे दुःख मला न विचारता कळावे, असे काहीतरी दे. दारोदार जाऊन विचारायला राजाला सवड नसते. मी मणी दिले."

"ते खरे बोलतात का?"

"ते धरणाऱ्याची भीती बोलतात. त्या राजाची एक बहीण होती. डोळे घारे, आणि मनाने फार आजारी. ती त्याच्या देखत खंगत गेली. तिला काय होतेय हे त्याने एकदाही विचारले नाही, डोळे मात्र रोज पाहिले. पुढे त्याला प्रत्येक घाऱ्या डोळ्यात तीच दिसे. मण्यांनी त्याची भीती उचलली आणि शाप राज्याला जडला."

"तो उतरेल कसा?"

अंधकेतूने शेंगांच्या टोपलीतून तीन चांदीच्या डब्या काढल्या. "पहिलीत काळ्या डोळ्यांचे दुःख आण. दुसरीत घाऱ्या डोळ्यांचे समाधान आण. तिसरीत तुझ्या लेकीच्या मनातले एक वाक्य आण. ते तिने सांगितलेले हवे, तू ताडलेले नको. खोटे असेल तर झाकण बसणार नाही. पारखीच्या दिवशी तिन्ही डब्या मण्यांपुढे उघड."

"तिसरे काम सोपे आहे," राणी म्हणाली. "माझ्याकडे वही आहे."

मांत्रिक हसला आणि त्याने तिला मूठभर शेंगा दिल्या.

पहिली डबी घेऊन राणी राज्यभर हिंडली. काळ्या डोळ्यांचा माणूस दिसला की विचारी, "तुम्हाला काही दुःख आहे का?" लोक हात जोडत. "आमचे डोळे काळे, राणीसाहेब. आम्हाला कसले दुःख?" आणि डबीचे झाकण टणकन उडे. तीन दिवस असेच गेले. चौथ्या दिवशी ती थकून नेत्रपारख्याच्या ओसरीवर टेकली. नेत्रपारखी नीलग्रीव साठीचा होता. त्याचे डोळे काजळाहून काळे होते, म्हणून तर ते पद त्याच्याकडे आले होते.

"तुम्ही कसे आहात, नीलग्रीवकाका?" तिने विचारले. डबीची आठवणसुद्धा त्या वेळी तिला नव्हती. म्हातारा ताटातल्या भाकरीकडे नुसता बघत बसला होता, म्हणून विचारले.

नीलग्रीवाने ताट बाजूला सारले. मग म्हणाला, "वीस वर्षांत हे कुणी विचारले नाही, राणीसाहेब. घास गिळत नाही. पहाटे जाग येते आणि वाटते, आज उठूच नये. माझी शेवंती पाच वर्षांची झाली तेव्हा घारा मणी तिच्या डोळ्याशी मीच धरला. मीच तिला गडावर पोचवले. लोक म्हणाले, याचे मन दगडाचे, हा सोसेल."

राणीने त्याच्या हातावर हात ठेवला. ओसरीवर डबीचे झाकण आपोआप बसले. डबी इतकी जड झाली की ती उचलायला दोघांना हात लावावा लागला.

"तुम्हाला वैद्य हवा, काका," राणी म्हणाली.

"काळ्या डोळ्यांना कोणता वैद्य औषध देईल?"

"मी सांगेन तो देईल."

दुसरी डबी घेऊन ती निवांतगडावर गेली. तिथे काही माणसे खरोखरच मनाने आजारी होती; भिंतीशी बोलत होती, अन्न नाकारत होती. त्यांना गाय आणि गादी मिळाली होती, औषध कुणी दिले नव्हते. बाकीची माणसे नुसतीच जपून चालत होती, जणू आपण कधी तडकतो याची वाट पाहत. मागल्या उतारावर मात्र एक पंचविशीची बाई मधमाश्यांच्या पोळ्यांत हात घालून मध काढत होती. तिचे डोळे घारे होते.

"तू शेवंती," राणी म्हणाली. "तुझ्या वडिलांच्या हनुवटीवर आहे तसाच खळगा तुझ्या हनुवटीवर आहे."

"असेल. माश्यांनी कधी सांगितले नाही."

"तुझे मन कसे आहे?"

"आज छान आहे. परवा दिवसभर रडले, बाबांची आठवण आली. काल कपाळ दुखले." शेवंतीने बोट चाटले. "का हो, राणीसाहेब, रडणे म्हणजे तडकणे का? तसे असेल तर मी शंभरदा तडकले असेन. तरी मध निघतोच."

राणीला हसू आले, शेवंतीलाही आले, आणि डबी बंद झाली. ती भाकरीच्या तव्यासारखी उबदार लागत होती.

आता तिसरी राहिली. पारखीचा दिवस उजाडला. राणीने वही उघडली आणि नोंदींवरून ताडलेले पहिले वाक्य डबीपुढे म्हटले: "मला एकटे वाटते." झाकण उडाले. "मला कशाचे तरी भय वाटते." झाकण उडून पलंगाखाली गेले. "मला आजीची आठवण येते." यावेळी ते उडून राणीच्या कपाळावर लागले. शंभर पाने वाचून झाली. वहीत केतकीचा प्रत्येक उसासा होता, पण केतकीने सांगितलेले एक अक्षर नव्हते. चारुमती लेकीच्या डोळ्यांत तीन महिने बघत राहिली होती. तिला विचारायचे मात्र एकदाही सुचले नव्हते.

तेवढ्यात दरबाराचा नगारा वाजला.

दरबार भरला होता. मधोमध पाच मण्यांची पेटी होती. नीलग्रीवाने घारा मणी उचलला. तो त्याने पुन्हा पेटीत ठेवला आणि परत उचलला. राजाने केतकीला मांडीवरून उतरवले, पण तिचे बोट त्याला सोडवेना, आणि त्याचे डोळे काळे होते.

"थांबा," राणी म्हणाली. ती लेकीसमोर जमिनीवर बसली आणि रिकामी डबी तिने मांडीत ठेवली. "केतू, तू दुपारी त्या खिडकीत का बसतेस?"

केतकीने आधी लोकांकडे पाहिले, मग आईकडे. "तिथं ना, कुणी..."

"कुणी नसतं म्हणून तुला एकटं..."

झाकण उडाले.

राणीने दोन्ही हातांनी स्वतःचे तोंड दाबून धरले. दरबारात कुणी हसले नाही. पिंगळा तेवढा वरच्या कमानीत खाकरला. केतकीने झाकण आणून आईला दिले आणि थोडी वाट पाहिली. आई या वेळी खरेच गप्प राहते का, ते बघायला.

मग ती म्हणाली, "तिथं तू बघत नसतेस, म्हणून मी तिथं बसते. तू बघतेस तेव्हा मला वाटतं, मला काहीतरी झालंय."

डबीचे झाकण बसले. आवाज एवढासा झाला, पण शेवटच्या रांगेपर्यंत गेला.

राणीने तिन्ही डब्या मण्यांपुढे उघडल्या. पहिलीतून जड, दुसरीतून उबदार आणि तिसरीतून अगदी हलके असे काहीतरी निघाले आणि पेटीवरून फिरले. पाचही मण्यांचे रंग उतरले. पेटीत चार आणि नीलग्रीवाच्या हातात एक, असे पाच रिठे उरले, एकसारखे, सुरकुतलेले. नीलग्रीवाच्या हातातला तर फेसाळूही लागला, कारण त्याच्या तळव्यावर आसवे पडली होती.

पुढे काय काय झाले, तेही सांगतो. निवांतगडाचे दार निघाले. शेवंती आपली मधमाश्यांची पोळी घेऊन बापाच्या ओसरीवर आली आणि पहिले दोन महिने त्याच्याशी कडाकडा भांडली. वीस वर्षांचा हिशेब तिला एका मिठीत मिटवायचा नव्हता. नीलग्रीव वैद्याचे कडू काढे घेई, ती वर मध देई. गडावरचे जे खरेच आजारी होते त्यांना उपचार मिळाले, आणि गावातले जे काळ्या डोळ्यांचे असून मनाने आजारी होते तेही आता लाज न बाळगता त्याच वैद्याकडे जाऊ लागले. मूल पाच वर्षांचे झाले की त्याला विचारत, "कसा आहेस? कशी आहेस?" आणि त्याचे बोलून होईपर्यंत थोरामोठ्यांनी तोंडात पाणी धरून बसावे, अशी रीत पडली. राजाला ठसका लागे. पण राजा असला तरी रीत ती रीत.

पण हे सारे नंतरचे. त्या घटकेला दरबार अजून स्तब्ध होता. राणी जमिनीवरच बसली होती आणि तिला कुठे बघावे ते कळत नव्हते. लेकीकडे बघावे तरी पंचाईत, न बघावे तरी पंचाईत. शेवटी ती पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हणाली, "मी चुकले, केतू. तुला काही झालेले नाही. मलाच फार भीती वाटत होती."

केतकी तिच्या मांडीत येऊन बसली. तिने आईची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवले आणि म्हणाली, "बरं, आता तुझं सांग. पण थोडक्यात सांग, मला खिडकीत जायचंय."