वारुळातली रेघ

फार जुन्या काळी एका माळावर तांबड्या मुंग्यांचं मोठं वारूळ होतं. त्यातल्या दक्षिणेकडच्या मुंग्या काळ्या मुंग्यांची अंडी पळवून आणत आणि त्यातून निघालेल्या पिलांना जन्मभर ओझी वाहायला लावत. उत्तरेकडच्यांना ते पटत नसे. मग मधोमध रेघ ओढली आणि ठरलं, की गुलामी रेघेच्या उत्तरेला यायची नाही. पण नवं बीळ खणलं, की रेघ कुठून न्यायची यावरून पुन्हा जुंपे.

"त्यांचं ते बघतील," असं उत्तरेची म्हातारी गुंजी म्हणे आणि दक्षिणेहून आलेला दाणा फोडून खाई.

एके दिवशी मिरी नावाची काळी मुंगी धापा टाकत गुंजीच्या दारात शिरली. मागोमाग दक्षिणेची मुकादमीण आली.

"आजीबाई, हा आमचा माल. रेघ ओलांडून पळालेला माल तुम्हीच धरून द्यायचा, असा कायदाच आहे. जास्त काही नको, नुसता पाय धरा हिचा."

गुंजीनं पाहिलं. ओझ्यानं तो पाय वाकडा झाला होता. आपला दाणा कोण वाहत होतं, ते तिला आज दिसलं.

"नाही धरत. आणि तुलाही धरू देणार नाही."

"मग हे वारूळ एक राहिलं नाही!" मुकादमीण ओरडली.

बहिणी बहिणींना चावत सुटल्या. गुलामी संपली, रेघ पुसली गेली, तोवर अर्धं वारूळ ढासळलं होतं आणि गुंजीच्या दोन्ही लेकी लढताना मेल्या होत्या.

त्यांना बाहेर नेताना गुंजी म्हणाली, "पोरी, तुझ्या पळण्यापायी केवढं युद्ध झालं गं!"

दुसऱ्या बाजूनं हात देत मिरी म्हणाली, "आजी, युद्ध मी अंड्यात होते तेव्हाच सुरू झालं होतं. मी फक्त ओझं खाली ठेवलं."