बिनचूक चिपचं श्रेय

हिंजवडीतल्या एका बड्या चिप कंपनीत शर्वाणी घोलप मुलाखतीला आली होती. वडिलांच्या आजारपणात तिची नोकरी सुटली होती आणि मधल्या खंडामुळे इतर कंपन्यांनी तिला दारातूनच परत पाठवलं होतं. इथलं काम होतं ते चिपचा आराखडा कारखान्यात जाण्याआधी त्यातल्या चुका शोधण्याचं.

समोर आराखडे करणारे मुख्य इंजिनिअर रांगणेकर साहेब होते. त्यांच्या हुशारीचा दबदबा मोठा आणि तोराही तेवढाच. शेजारी तपासणी विभागाच्या प्रमुख इनामदार मॅडम बसल्या होत्या.

शर्वाणीने सगळ्या प्रश्नांची चोख उत्तरं दिली. तरी साहेब खुर्चीत मागे रेलून म्हणाले, “इतकी वर्षं मी चिप बनवतोय. बाजारात गेल्यावर माझ्या एकाही चिपमध्ये चूक निघालेली नाही. मग चुका शोधणाऱ्यांची गरजच काय?”

आवाज न चढवता शर्वाणी म्हणाली, “सर, म्हणजे तुमचं काम तपासणारं माणूस फार जबरदस्त असणार. मला त्यांच्याच हाताखाली काम करायचंय.”

इनामदार मॅडमना हसू आवरेना. “सर, मागच्या वेळी तुमचा आराखडा मी कितीदा परत पाठवला, सांगू का यांना?”

साहेब स्वतःच खो खो हसत सुटले.

“नको, नको! यांना तुमच्या विभागात घेऊन टाका. फक्त माझा आराखडा यांच्या हाती जाण्याआधी मला कळवा. एकदा मीच नीट तपासून घेतो.”