पाठ केलेलं थांबणं

गोष्टी सांगायचं माझं काम नाही. मी मठाचं अंगण बघतो. पण तुम्ही पोरं चहा पिऊनही उठत नाही, म्हणून सांगतो. मधे बोलायचं नाही.

"मग तू मधेच थांबलास कशाला?" आमच्या मठाच्या बुवांनी विचारलं.

समोर शार्दूल बसलेला. बुवांचा लहानपणापासूनचा शिष्य, आता पुण्यात कॉम्प्युटरचा इंजिनियर झालेला, पण नोकरी नाही. दुसऱ्या दिवशी त्याची नोकरीची मुलाखत. आधी सगळीकडून शेवटच्या फेरीत परत आलेला. यंदा नाही जमलं तर बार्शीला वडिलांच्या कापडदुकानात बसायचं, असं घरात ठरलेलं.

आशीर्वाद मागायला आला होता. बुवा म्हणाले, तिथं काय करतोस ते आधी मला करून दाखव.

नावांच्या ढिगातून एकदाच आलेलं नाव कॉम्प्युटरकडून कसं शोधून घ्यायचं, असला काहीतरी प्रश्न. शार्दूल बोलत होता. मधे अडला. कपाळ चोळलं, आढ्याकडे पाहिलं, मग "हां" म्हणून उत्तर सांगून मोकळा. त्यावर बुवांचा तो प्रश्न.

"उत्तर पाठच आहे, बुवा," तो म्हणाला. "पण भडाभडा सांगितलं तर त्यांना कळतं. विचार करताना दिसावं लागतं."

कुठं थांबायचं, कपाळ कधी चोळायचं, हे आरशासमोर बसवलंय म्हणाला. वर हसला.

"आणि खरंच अडलास तर?"

"अडत नाही. सगळे प्रश्न करून झालेत."

बुवा म्हणाले,

"मी एक विचारतो. आत येताना तू काय मोडलंस?"

शार्दूलने हात पाहिले. बॅग पाहिली. दाराची कडी पाहिली. कपाळ चोळायचं विसरला.

मला माहीत होतं. सकाळपासून मी अंगण सारवत होतो. ओल्या सारवणावरून हा बूट घालून, फोनवर बोलत आला. मी ओरडलो तर न बघताच हात वर केला, एक मिनिट म्हणून.

"सापडत नाही, बुवा..." आवाज उतरला होता. "आलो तसा मागं जाऊन बघू?"

"बघ."

उंबऱ्यापाशी गेला आणि थबकला. बुटांचे ठसे फाटकापर्यंत गेले होते.

"सॉरी हं काका, चुकलंच माझं," लगेच म्हणाला. गोड आवाजात.

"हेही पाठ होतं," आतून बुवा म्हणाले.

शार्दूलने माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं... मिटलं... ठशांकडे बघत उभा राहिला. बराच वेळ.

"बुवा, मला काही सुचत नाही. उद्या तिथं काय करू?"

"असाच जा."

तसाच गेला. नोकरी लागल्याचं कानावर आलं. अंगण मी पुन्हा सारवलं. माफी अजून यायची आहे. शार्दूल गपाट त्याचं पूर्ण नाव, कुठं भेटला तर आठवण द्या.