तंबूच्या कारखान्यातला बँड

दुसऱ्या महायुद्धात पुण्याच्या छावणीलगत तंबू शिवायचा एक कारखाना होता आणि यमुनामावशी कुदळे तिथल्या बायकांची मुकादमीण. जाडजूड कापड चौघी मिळून ताणायच्या, तेही ओवीच्या ठेक्यावर. "भाऊ माझा लढाईत, त्याच्या डोई माझं छत." 'छत' म्हणताच चौघींचा हिसका एकदम बसायचा.

मग पेन्शनीत निघालेले सुभेदार जगदाळे मॅनेजर म्हणून आले. मिशा पिळत त्यांनी हुकूम सोडला, "हा कारखाना आहे, जातं नव्हे. जी गाईल ती घरी जाईल."

बायका गप्प झाल्या. एकीनं ओढलं की दुसरी ढिली पडे, आणि शिवण वाकडी जाई. आठवडाभरात काम इतकं मागे पडलं की सुभेदार भडकले. "तोंडं बंद आहेत, तरी हात का चालत नाहीत?"

तेवढ्यात बाहेरच्या रस्त्यानं पलटण निघाली. बँड कानावर पडताच सुभेदारांची छडी आपोआप बुटावर ताल धरू लागली.

मावशी म्हणाली, "साहेब, लढाईला निघालेल्यांना वाजंत्री कशाला?"

"पावलं एकदम पडायला नकोत?"

"तेच तर. आमची पलटण गरीब, बँड परवडत नाही. म्हणून आम्ही तोंडानंच वाजवतो."

छडी थांबली. "वाजवा," एवढंच म्हणून सुभेदार वळले.

तो कारखाना केव्हाच गेला. म्हातारपणी मावशी सुनेबरोबर चादरीची घडी घालायची. सुनेनं घाईनं आपलं टोक ओढलं, की हसून म्हणायची, "थांब गं, आधी बँड तर वाजू दे."