भिंत आणि घोडा

कराडच्या आमच्या चित्रपट मंडळात दरवर्षी पुरस्काराच्या वेळी भांडण होतं, आणि मंडळाचा चहा त्या भांडणावरच उकळतो. यंदा ढालीसाठी दोन सिनेमे उरले. 'भिंतीवरची ओल' या सिनेमात एक माणूस तीन तास भिंतीकडे बघतो. 'वरातीतला घोडा पळाला' यात काय होतं, ते नावातच आलं.

अध्यक्ष त्र्यंबकराव घैसासांनी आल्या आल्या निकाल देऊन टाकला. "घोड्याला हसणाऱ्यांना सिनेमा कळत नाही. 'ओल' एकदा बघून कळत नसते. खरा रसिक ती पुन्हा पुन्हा बघतो."

जनावरांच्या डॉक्टर हेमलता पिसाळ म्हणाल्या, "पटलं, सर. मग आज दोन्ही सिनेमे शेजारशेजारच्या खोल्यांत पुन्हा लावू. मध्यंतरापर्यंत जिथं जास्त माणसं टिकतील, त्या सिनेमाला ढाल."

स्वतःच्याच तोंडचं वाक्य, नाही कसं म्हणणार? अध्यक्ष आपले चार शिष्य घेऊन भिंतीसमोर जाऊन बसले.

मध्यंतर जवळ आलं तशा हेमलताबाई माणसं मोजायला उठल्या. भिंतीच्या खोलीत फक्त पंखा फिरत होता. घोड्याच्या खोलीत दाराशी चारही शिष्य उभे होते, आणि त्यांच्या मागं टाचा उंचावून खुद्द अध्यक्ष.

बाईंना बघताच त्यांनी चेहरा गंभीर केला. "लोकांची अभिरुची किती घसरलीय, ते तपासतोय."

"तपासा की," बाईंनी खुर्ची पुढं सरकवली. "पण बसून तपासा. भिंत काय, उद्याही तिथंच असेल. घोडा आत्ता पळणार आहे."

अध्यक्ष बसले. ढाल कुणाला, हे मग कुणी विचारलंच नाही.