बर्फातला कुत्रा आणि घोंगडीतला इनामदार

ही गोष्ट माझ्याइतकी झकास अख्ख्या तालुक्यात कोणी सांगत नाही. म्हणजे, माझ्याशिवाय कोणी सांगतच नाही. आणि मागच्या वेळी सांगता सांगता मलाच झोप लागली होती.

तर, एका रखरखीत गावात एक इनामदार राहत होता. गाव असं तापायचं, की दुपारी कावळासुद्धा खांबाच्या सावलीत बसायचा आणि सावली सरकली की आपणही सरकायचा. अशा गावात इनामदारांनी बर्फाच्या मुलखातून एक कुत्रा आणवला. वासराएवढा उंच, अंगावर वीतभर केस. इनामदारांनी त्याचं नाव ठेवलं रणमर्द. पोरं त्याला गादी म्हणायची.

रणमर्द दिवसभर दारात साखळीला असे. जीभ हातभर बाहेर, पोट भात्यासारखं हलतंय.

“बघा, कसा हसतोय,” इनामदार म्हणायचे.

“हसणारच, सरकार,” पाटील म्हणायचा. “तुमच्या घरचं तूप खातोय.”

“आणि किती शांत. जागचा हलत नाही,” भटजी म्हणायचे. “मागच्या जन्मी ऋषी असणार.”

त्यांना नावं ठेवू नका. इनामदारांच्या पंगतीला बसून तुम्हीही हेच म्हणाला असता. मी तर दुसऱ्या जिलबीला त्याला महर्षी केला असता.

फक्त एक म्हातारी कुंभारीण, घागरी द्यायला आली होती, ती म्हणाली, “सरकार, हा हसत नाही, भाजतोय. ओल्या सावलीत ठेवा, नाहीतर उन्हाळा काढायचा नाही.”

“तुला मडकी कळतात, म्हातारे. जातिवंत कुत्र्यातलं तुला काय कळणार?”

“भाजणं तेवढं कळतं, सरकार. जन्म त्यातच गेला.”

चैत्रात जत्रा आली. गावची रीत अशी, की भर दुपारी वेशीपासून देवळापर्यंत पालखीपुढे मानाचा बैल झूल घालून चालायचा. इनामदारांनी ठरवलं, यंदा बैलाच्या जागी रणमर्द. बैलाची मखमली झूल त्याच्या पाठीवर टाकली, गळ्यात घुंगुरमाळ, कपाळाला गुलाल.

वेशीपासून देऊळ पाचशे पावलं. रणमर्द शंभर चालला आणि कुंभारिणीच्या अंगणापुढे पाय पसरून आडवा झाला. डोळे पांढरे.

गर्दी जमली, आणि गर्दीत निम्मे वैद्य असतातच. एकाने कांदा फोडून नाकाशी धरला. दुसऱ्याने भटजींची चप्पल हुंगवली. भटजी म्हणाले, “समाधी लागली.” इनामदार मात्र रडवेले झाले. माणूस हौशी होता, दुष्ट नव्हता. “कोणीतरी वाचवा रे याला,” ते म्हणाले.

कुंभारिणीने आधी झूल ओढून फेकली. चार गडी लावून कुत्रा कडुलिंबाखालच्या भिजवलेल्या मातीच्या खड्ड्यात नेला, पोटावर घागरीमागून घागर पाणी ओतलं आणि सुपाने वारा घालत बसली. पालखी खोळंबली. बऱ्याच वेळाने रणमर्दाने एक डोळा उघडला, चिखलात कूस बदलली आणि भटजींची चप्पल चघळायला घेतली.

चार दिवसांनी इनामदार साखळी घेऊन कुंभारिणीच्या दारात हजर. “बरा झाला ना? दे इकडे.”

“न्या की. फक्त ही घोंगडी पांघरून तासभर माझ्या अंगणात बसा. काढायची नाही. बसलात, की कुत्रा तुमचा.”

सगळं गाव बघत होतं. इनामदार म्हणाले, “एवढंच ना? आमचे आजोबा चिलखत घालून झोपायचे.”

ऊन डोक्यावर आलं. आधी इनामदारांनी मिशीला पीळ दिला. थोड्या वेळाने मिशी आपोआप खाली आली. मग तोंड उघडलं आणि जीभ बाहेर आली.

“सरकार हसताहेत,” पाटील सवयीने म्हणाला.

“हसतोय कुठला, मेल्या, पाणी आण,” असं म्हणत इनामदारांनी घोंगडी भिरकावली आणि चिखलात कुत्र्याशेजारी जाऊन बसले. रणमर्दाने थोडं सरकून जागा दिली.

मग इनामदार त्याच्या मानेवरच्या केसांत बोटं घालून म्हणाले, “यालाही आपली घोंगडी अशी काढून टाकता आली असती तर.”

“नाही ना येत,” कुंभारीण म्हणाली.

जत्रेला आलेले शाली विकणारे व्यापारी उत्तरेकडे, बर्फाच्या मुलखात परत निघाले, तेव्हा पहाटेच्या गारव्यात रणमर्द त्यांच्या गाडीतून गेला, खाली ओल्या गवताचं अंथरूण. इनामदार वेशीपर्यंत पोचवायला गेले आणि डोळ्यांत धूळ गेली असं ज्याला त्याला सांगत परत आले.

रिकाम्या दारात त्यांनी वाटसरूंसाठी पाण्याचा रांजण बसवायचं ठरवलं. अशा रांजणावर देणाऱ्याने चार शब्द लिहून घ्यायचे, हीही गावची रीत. इनामदार कुंभारिणीला म्हणाले, “काहीतरी चांगलं लिही, येणाऱ्या-जाणाऱ्याला उपयोगी पडेल असं.” तिने पंतोजींकडून अक्षरं समजून घेतली, ओल्या मातीत कोरली आणि रांजण भाजून आणला. त्यावर जे होतं तेच आपल्या गोष्टीचं

तात्पर्य: हौस ज्याची, घाम त्याचा.

इनामदारांनी ते दोनदा वाचलं. म्हणाले, “ठीक आहे. पण मी त्याला परत धाडला, त्या माझ्या दयेची एक ओळ खाली चुन्याने घाल की.”

“घालते की, सरकार,” कुंभारीण म्हणाली. “आधी बर्फात जाऊन त्याला विचारून येते.”